वरच्या घाटाचं पाणी

बैलांची दमणी दाराशी थांबली आणि कोकिळा घरातून धावतच बाहेर आली. तिचे आबा खरोखरच आले होते! अफू सोडायला, आणि तेही आपल्या पायांनी.

तिच्या बापाने, चुनीलालने, कमरेची अफूची डबी काढून व्याह्यांच्या हातावर ठेवली. मोतीलालांनी गेल्या साली याच ओट्यावर अफू सोडली होती, म्हणून तर त्याने हे घर गाठलं होतं.

"आते मन्हं काय व्हई, याही?"

"हाडं दुखतीन, पोट धावी, तुम्ही आमले गाया-शिव्या देशात," मोतीलाल हसले.

"यास्नी तर माले पाट फेकीसन मारा व्हता," कोकिळेची सासू शांतीबाई आतून म्हणाली. "पन मी पानी पाजत ऱ्हायनू, म्हनीसन वाचनात."

दुपार कलली तसा चुनीलालला दरदरून घाम फुटला. उलट्या सुरू झाल्या. ओठ कोरडे पडले. शांतीबाईने गूळ-मिठाचं पाणी पुढे केलं. त्याने तोंड फिरवलं.

"आंडेरना घरनं पानी मी पेस नही."

नातवाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही बापाने प्यायचं नाही, अशी त्याच्या घराची रीत. पिण्यासाठी घरून भरून आणलेली घागर नदीच्या उतारावर दमणीतच फुटली होती.

"मंग काय तहानवरी मरशात?" मोतीलाल चिडले.

"खात्या, बैलं जुप. घर जाऊत."

गाडीवान खात्या उठला. चुनीलाल खांब धरून उभा राहिला. सगळ्यांना ठाऊक होतं, घरी पोचल्यावर तो आधी पाणी मागणार नव्हता.

कोकिळा दारात उभी होती. समोर उतार, उताराखाली तापी. वाहत्या पाण्याकडे बघता बघता ती एकदम ओरडली, "खात्याभाऊ, थांब! जुपू नको!"

कळशी उचलून, पदर खोचून ती उतारावरून सुसाट निघाली. काठाचं पाणी सोडून कमरेइतक्या धारेत शिरली. परत आली ती चिंब, धापा टाकत, हसत.

"आबा, तापी कथाईन येस?"

"वरतीन. आपला सारंगखेडाकडथीन."

"मंग हाई पानी काल आपला घाटवर व्हतं! मी फक्त आठे आडायं. हाई सासरनं नही, आपलंच शे."

चुनीलाल कळशीकडे बघत राहिला, मग व्याह्यांकडे.

"बरोबर शे," मोतीलाल गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "आमन्हा गावनं पानी तर खाले जास, सुरतकडे."

"आनि गूळ?" चुनीलालने विचारलं.

"तो तुम्हीच धाडेल शे, संक्रांतले!" शांतीबाई आतून डबा घेऊनच आली.

कळशीत गूळ विरघळला. चिमूटभर मीठ पडलं. ते कुठून आलं, हे कुणी विचारलं नाही. चुनीलालने ओंजळ धरली. कोकिळा धार धरून उभी राहिली. तो प्यायला, पुन्हा प्यायला. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं.

"जुपू का?" खात्याने विचारलं.

चुनीलाल ओट्यावर आडवा झाला. अंग अजून थरथरत होतं. डोळे मिटूनच तो लेकीला म्हणाला,

"उद्या बी तठलंच आनजो."