तिसऱ्यांदाही पडलेला हात

पाथरीतल्या कुस्तीच्या शोमध्ये सगळं आधीच ठरलेलं होतं. बालाजीनं मंगेशचा गळा आवळायचा, मंगेशनं निपचित पडायचं आणि तो हरला का, हे बघायला पंच विरेशनं त्याचा हात तीनदा उचलायचा. दोनदा हात पडणार. तिसऱ्यांदा मात्र तो वरच राहणार आणि मंगेश उसळून उठणार.

तिसऱ्यांदाही हात धपकन पडला.

"मंग्या, बास की आता," विरेश कानाशी कुजबुजला. मंगेश हललाच नाही. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. विरेश ओरडला, "सोड रं बालाजी! डॉक्टर, पळा!"

गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला माणूस धावत रिंगमध्ये आला आणि मंगेशचा चेहरा बघून जागीच थिजला.

"भाऊ, मी कशाचा डॉक्टर! मला निस्तं पळत यायचं सांगितलंय."