रंग सांग

दुकानाचं काचेचं दार उघडलं आणि छबीने वहिनीच्या कोपराला असा काही हिसका दिला, की दोघी जवळजवळ पळतच आत शिरल्या.

"आलंय! नवं आलंय, वहिनी! वास घे की!"

वहिनीला नुसती थंडगार हवा लागली. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, दिवसभर स्पिरिट हुंगून तिचं नाक केव्हाच संपावर गेलं होतं. नवऱ्याची ही धाकटी बहीण मात्र पहिल्यापासून अशीच. आरशासमोरून हलायची नाही, म्हणून घरात तिचं नाव छबी पडलेलं. मोसम बदलला, नवे रंग, नवी अत्तरं बाजारात आली की पहिल्या दिवशी हिची स्वारी काउंटरवर हजर. दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेली आणि ते सगळं बंद पडलं. आज सकाळी फोनने नव्या कलेक्शनची बातमी वाचून दाखवली आणि ही अर्धा चहा टाकून उठली. "चल वहिनी. तू रंग सांग, बाकीचं मी बघते."

ते 'बघते' ऐकून वहिनीने आपलाही चहा तसाच ठेवून चपला घातल्या होत्या.

काउंटरवरच्या मुलीने आधी पांढरी काठी पाहिली, मग वहिनीकडे वळून विचारलं, "यांना काय दाखवू?"

"यांना म्हणजे मला ना?" छबी म्हणाली. "नव्या लिपस्टिक. सगळ्या. आणि परफ्यूम काढून ठेवा, त्याच्याकडेही येणार आहोत."

मुलगी वरमली. तिने भराभर पाच कांड्या मांडल्या. वहिनीने पहिलीचं टोपण काढलं आणि तिला घाम फुटला. तिने आयुष्यात एकदाच लिपस्टिक लावली होती, स्वतःच्या लग्नात, तीही मावसबहिणीने धरूनबांधून.

"सांग ना गं!"

"लाल आहे."

"लाल? वहिनी, लाल शंभर असतात!"

वहिनीने कांडी उजेडात धरली. "शिरेतून नुकतं काढलेलं रक्त. नळीत गडद दिसतं, जरा जांभळट. तसं."

मुलीचा हात तोंडाकडे गेला. छबी काउंटरला धरून खो खो हसत सुटली. "शी! पण कळलं! अगदी कळलं! पुढचा?"

"बोटाला सुई टोचली की पहिला थेंब येतो ना, तो. चांगला उजळ."

"पुढचा!"

"हा चिकटपट्टीचा. जखमेवरच्या."

"ठेव खाली तो. पुढचा!"

"आयोडीन. कापसावर सांडून वाळलेलं."

आता ती मुलगीही हसू आवरेनाशी झाली होती. पलीकडे नेलपॉलिश बघणाऱ्या दोघी-तिघी कान देऊन जवळ सरकल्या. वहिनीलाही चेव चढला. पाचवी कांडी मात्र तिने उघडली आणि ती थांबली. मनगटावर एक रेघ ओढली, बोटाने पसरवली, पुन्हा पाहिली.

"काय गं?"

"तान्ह्या बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचं असतं," वहिनी सावकाश म्हणाली. "त्याआधी ती टाच आम्ही ओंजळीत धरून उबदार करतो. चोळता चोळता ती जशी होते ना, तो रंग आहे हा."

"हा," छबी म्हणाली. "हाच."

मग परफ्यूमची पाळी आली. मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारला. छबीने पट्टी झटकली, नाकाखालून नेली आणि हात वर केला. "थांबा, बोलू नका कुणी. आत्ता नुसती संत्र्याची साल आहे. या वासातली खरी बाई अजून आलेली नाही." सगळ्या थांबल्या. मागे उभ्या असलेल्या अनोळखी बायकासुद्धा. "आली. ओले केस आहेत. घाईत आहे, बसायची नाही. वहिनी, घे बघू. दिसते?"

वहिनीने पट्टी नाकाला लावली. बराच वेळ काही नव्हतं. मग तिचे डोळे मोठे झाले. "अगं, हो की! हिरवी साडी आहे तिची!"

"साडी तू नेसवलीस. पण चालेल."

मुलगी लिपस्टिकचं टोक पुसत म्हणाली, "ताई, मी लावून देऊ?"

"नको. माझं मी लावते."

वहिनीचा जीव टांगणीला लागला. दोन वर्षांत छबीने ओठांना काही लावलं नव्हतं. मेकअपचा डबा कपाटात तसाच पडून होता. आणि इथे एवढी माणसं बघत होती. रंग गालावर गेला, दाताला लागला, कुणी फिस्सकन हसलं तर? तिचा हात आपोआप पुढे झाला.

"हात मागे, वहिनी."

वहिनीने हात मागे घेतला.

छबीने करंगळी हनुवटीवर टेकवली. कांडी वरच्या ओठाच्या मध्यावर आणली. मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, खाली एक सलग ओढ, आणि ओठावर ओठ दाबून छबीने मान वर केली.

मुलीने सवयीने चटकन आरसा उचलून छबीच्या तोंडासमोर धरला. धरला आणि तिचं तिलाच कळलं. ती जागच्या जागी थिजली.

"काय झालं?" छबीने विचारलं. हात पुढे केला, तो आरशाच्या थंड काचेला लागला. तिने दोन बोटांनी आरसा हळूच बाजूला सारला आणि चेहरा वहिनीकडे वळवला.

"सांग."

वहिनीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"वहिनी? इतकं वाईट झालंय?"

"गप्प बस गं जरा," वहिनी म्हणाली. "बघू दे मला."