पेपर सुटेपर्यंत

कॉलेजच्या दोन्ही प्रवेशपरीक्षा नेमक्या एकाच सकाळी आल्या. बापाला मुलगी डॉक्टर करायची होती, तिला घरांचे नकाशे काढायचे होते. "मी नकाशांचीच परीक्षा देणार, बाबा," ती हॉलतिकीट उचलत म्हणाली. "मग बघतोच कशी लिहितेस!" त्याने तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार धाडकन लावलं. हाडं मोडल्याचा आवाज इस्त्री करणाऱ्या आईने ऐकला. वीस वर्षं तिने मुकाट मार खाल्ला होता. आज तिने तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर दाबून धरली. तो किंचाळत कोसळला. परीक्षाकेंद्रावर लेकीने डाव्या हाताने उत्तरांचे गोळे रंगवले. बाहेर पायरीवर बसलेल्या आईसमोर पोलीसबाई उभी राहिली. "नवऱ्याला भाजलंत? चला चौकीत." "भाजलं. त्याने लेकीची बोटं चिरडली. येते की, पण पेपर सुटू द्या." पोलीसबाई टोपी काढून शेजारी बसली.