विलायती कपाट

वीस वर्षं कोंडाजी मिठाच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या वरखाली करून नाशिकच्या एका नाट्यगृहातले दिवे मंद-प्रखर करत होता. मॅनेजर पिंगळे साहेबांनी परदेशी कंपन्यांना पत्रं लिहिली, परवान्यासाठी दिल्लीला खेटे घातले आणि १९७८च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून बटणांवर दिवे मंद-प्रखर करणारं लोखंडी कपाट आणवलं.

आता बटणं दाबायला कुणी शिकलेला येणार, हे कोंडाजीनं मनात पक्कं धरलं होतं. खोकं उघडताच त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हातातल्या पहारीनं त्यानं कपाटाचं दार फोडलं, बटणं चेचली, वायरी उपसून काढल्या. साहेब आडवे आले, तर पहार त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज जमलेल्या साऱ्यांनी ऐकला.

“ह्याच्यापायी मला घरी बसवणार व्हता ना, साहेब?”

पिंगळे साहेब रक्ताळलेल्या सदऱ्यानिशी भिंतीला टेकून बसले. धड हातानं त्यांनी खिशातलं पत्राचं पाकीट काढून त्याच्यापुढे टाकलं.

“हे चालवायला शिकवण्यासाठी कंपनी आपल्या नाट्यगृहातला एक माणूस विलायतेला नेतेय, कोंडाजी. मी तुझं नाव कळवलं होतं. आज सकाळीच होकार आला.”