भोंगाबंदीचा ठराव

“भोंगा राहू द्या.”

मागच्या बाकावरून आवाज आला आणि नगरपालिकेच्या सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. बोलणारा पेंटर होता. गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या, पण कामाशिवाय तो पालिकेची पायरी चढणारा माणूस नव्हे. आणि ठराव मांडणारी नगरसेविका होती खुद्द त्याची बायको.

ठराव साधा होता. रेल्वेच्या उघड्या क्रॉसिंगवर पालिकेने पक्कं फाटक बांधायचं आणि मग रेल्वेच्या संमतीने गाड्यांनी तिथे भोंगा वाजवणं बंद करायचं.

नगराध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पेंटर, फाटक नको म्हणता?”

“फाटक हवंच. ते कधीच व्हायला हवं होतं.”

“मग भोंगा कशाला?”

“सवय झालीय त्याची.”

सभागृहात खसखस पिकली. “बाई, विरोधी पक्ष घरातच बसलाय तुमच्या!” कुणीतरी म्हणालं आणि लगेच जीभ चावली. बाईने कागदावरची नजर वर केली नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याच क्रॉसिंगवर या दोघांचा एकुलता एक मुलगा गेला होता. शाळेतून सायकलवर येत होता. दुपारची गाडी. ड्रायव्हरने भोंगा दिला नाही असं नाही. दिला, लांबलचक दिला, सगळ्या गावाने ऐकला. फाटक असतं तर पोर अलीकडेच थांबलं असतं. तेव्हापासून दुपारच्या गाडीची वेळ झाली की आई जिथे असेल तिथे दोन्ही कान गच्च दाबून खाली बसायची. मग तिने कंबर कसली. निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली आणि पालिकेच्या इंजिनियरच्या मागे हात धुऊन लागली.

ती रडलीही भरपूर, चारचौघांत, उघडउघड. पेंटर मात्र रडला नाही. मुलाला पोचवायला आलेल्या लोकांना तो सावलीत उभं करत होता. चौथ्या दिवशी त्याने रंगाचा डबा उघडला. या माणसाच्या छातीत काळीज आहे की नाही, असं तेव्हा तिच्या मनात आलं, आणि ते पुढे तिने मनातून काढलंच नाही. घरात बोलणं उरलं ते मीठपिठापुरतं.

ठराव बहुमताने पास झाला. त्या संध्याकाळी तिच्याने राहवलं नाही.

“तुमच्या लेकराच्या कानात शेवटचा आवाज तोच होता,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला त्याची सवय झाली?”

पेंटर ब्रश धूत होता. “झाला ना ठराव तुझा?” तो म्हणाला. “मग झालं तर.”

तिने आपलं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं.

पालिकेचं काम पालिकेच्याच चालीने झालं. खांब आले तर सिमेंट नाही, सिमेंट आलं तर कंत्राटदार मेव्हण्याच्या लग्नाला. लाल दिवा बसला आणि दुसऱ्याच दिवशी चोरीला गेला. बाई रोज उन्हात उभी राहून काम करून घेत होती. शेवटी फाटक झालं. ‘येथे भोंगा वाजवू नये’ ही पाटी रंगवायचं काम पेंटरकडेच आलं, गावात दुसरा होताच कोण! त्याने ती रंगवली, अक्षरं नेहमीसारखीच सुबक काढली आणि स्वतः नेऊन ठोकली.

उद्घाटन सकाळी झालं. फीत कापली, टाळ्या झाल्या. नगराध्यक्षांनी सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं, तिने ते घेऊ दिलं. मग ती घरी आली. दुपारची गाडी तिला आज आपल्या अंगणात उभं राहून अनुभवायची होती. पेंटर मागच्या पत्र्याच्या खोलीत कामाला बसला होता, दार लोटून.

गाडीची वेळ झाली. तिचे हात आपोआप कानांकडे गेले. तिने ते मुद्दाम खाली घेतले. रुळांची हलकी खडखड झाली आणि गाडी निमूट निघून जाऊ लागली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

आधी तिला वाटलं, एखादं जनावर अडकलंय. ती धावली आणि तिने दाराच्या फटीतून पाहिलं. पेंटर जमिनीवर बसला होता, रंगाचं फडकं तोंडात कोंबून. फडक्याला न जुमानता हुंदके बाहेर येत होते, आणि हुंदक्यांत मुलाचं नाव होतं. सहा वर्षांत या घरात ते नाव कुणी घेतलं नाही, असं ती समजत होती. तो रोज घेत होता. रोज दुपारी, भोंग्याच्या आड, आणि नेमकी त्याच वेळी ती कान दाबून बसत होती.

तिचा हात कडीपर्यंत गेला आणि थांबला. भर सभेत हसं करून घेतलं, पण खरं कारण सांगितलं नाही, असा हा माणूस. बायकोने पाहिलं हे कळलं तर उद्यापासून रडणंही सोडून देईल. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याची फार माया आली.

आवाज न करता ती मागे फिरली आणि तिने पाण्याचा पंप सुरू केला. जुना पंप, तो चालू झाला की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. टाकी सकाळीच भरलेली होती. पाणी काठावरून सांडलं, भिंतीवरून ओघळत अंगणात आलं, तिचे पाय भिजले, तरी तिने पंप बंद केला नाही.