बरोबर कोण आलंय?

"झोपते की. पाठ टेकली, की घोरायला लागते," श्यामसुंदर म्हणाला.

नव्या डॉक्टरीणबाईंनी समाधानाने मान डोलावली. नंदाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. घोरणं नवीन होतं. मागच्या खेपेपर्यंत त्या नुसत्याच झोपत असत.

वारज्यातल्या या धर्मादाय मानसोपचार केंद्राच्या दारावर पाटी होती : सोबत नातेवाईक नसल्यास गोळ्या मिळणार नाहीत. वाद घालू नये. पेशंटचं काय ऐकायचं, तो काहीही सांगतो. खरं सांगतो तो नातेवाईक, असा तिथला हिशेब. नंदाताईंच्या मुलाला सॉफ्टवेअर कंपनीने अमेरिकेला पाठवलेलं. त्याला या गोळ्यांचा पत्ताच नव्हता. श्यामसुंदरने कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षी त्याची बायको माहेरी गेली, ती गेलीच. दोघं एकेकटे आले आणि एकाच दिवशी दारातून परत पाठवले गेले. पायरीवर चपला घालता घालता सौदा ठरला. तो त्यांचा मावसभाऊ, त्या त्याच्या मावसबहीण.

सौदा चोख चालला. तो सांगे, ही नीट जेवते. त्या सांगत, हा आता चिडत नाही. केंद्राबाहेर दोघांनी एकमेकांना कधी चहासुद्धा विचारला नाही. उगाच नाती कशाला वाढवा. जुने डॉक्टर मान वर न करता 'तेच चालू' लिहून देत.

नव्या बाईंनी मान वर केली. इतकं छान चाललंय तर गोळ्या कशाला, म्हणाल्या. हळूहळू कमी करू आणि बंदच करून टाकू.

"मला झोप लागत नाही," नंदाताई म्हणाल्या. "गोळी घेऊनसुद्धा."

बंद करायचं म्हटलं की सगळे पेशंट असंच म्हणतात, असं बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी भावाकडे पाहिलं. खरं काय ते त्याने सांगावं.

श्यामसुंदरचा स्वतःचा केसपेपर नंदाताईंच्या केसपेपरखालीच होता. 'घोरते' यावर ठाम राहिलं, की खोटं नातं झाकलेलं राहत होतं आणि त्याच्या गोळ्या चालू राहत होत्या. त्याने नंदाताईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

"मी यांचं घरसुद्धा पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "मी यांचा कुणी नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे नंदाताईंना विचारलं, "मग तुम्हाला झोप लागत नाही, हे तुमच्या माणसांपैकी कुणाला माहीत आहे?"

नंदाताईंनी श्यामसुंदरकडे बोट केलं.

"आत्ता यांना कळलं."