मागची पायडलं

बुजमाने हँडलला लावायचा गोल आरसा फडक्याने पुसून इत्तोपुढे धरला आणि मग स्वतःच जीभ चावली. आंधळ्या माणसाला आरसा! दीड वर्षापूर्वी इत्तोच्या नवऱ्याची, मिलूदची दृष्टी गेली हे माराकेशच्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि बुजमा तर तीस वर्षं त्याची सायकल दुरुस्त करणारा माणूस.

तो अदबीने म्हणाला, “माफ करा, लाल्ला. वाढदिवस म्हटलं की हात आरशाकडे नाहीतर घंटीकडेच जातो.”

“घंटी आहे त्याच्याकडे. दाराशी बसून वाजवत असतो. शेजारणी म्हणतात, पोस्टमन आला वाटतं.”

वाढदिवस होता एक जानेवारीचा. ज्यांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती त्या सगळ्यांना सरकारी कागदावर हाच दिवस मिळाला होता. गल्लीत असे अकरा जण होते. हा दिवस पाळायचा मात्र एकटा मिलूद. पहाटे उठून सायकलवर थेट डोंगराच्या पायथ्याशी जायचा, बर्फाकडे पाहत पुदिन्याचा चहा प्यायचा आणि दुपारी शीळ घालत परत यायचा. गेल्या एक जानेवारीला तो अंथरुणातून उठलाच नाही. तेव्हापासून त्याचं बोलणं आटलं, जेवणही. माणूस असा बसून राहिला की संपतो, हे इत्तोने वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं. पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती.

मुलगी म्हणाली, रेडिओ घे. नणंद म्हणाली, घरात घालायच्या मऊ चपला घे. इत्तोने दोघींचं ऐकून घेतलं आणि ती सरळ बुजमाच्या दुकानात आली.

“ती काढा,” ती म्हणाली.

भिंतीला एक लांबलचक सायकल टेकवलेली होती, दोन माणसांची. कुणी परदेशी जोडपं भांडून तिथेच सोडून गेलं होतं.

“तिची मागची पायडलं मी दुसऱ्या सायकलीला लावलीत,” बुजमा डोकं खाजवत म्हणाला. “पण अडतंय कुठे? पाय टेकायला दांडी बसवतो. नाहीतर त्याच्याच सायकलीला भक्कम कॅरियर लावू. पुढे जावई, मागे मिलूद. आरामात.”

“कॅरियरवर सव्वीस वर्षं मी बसलेय, सी बुजमा. तो आराम मला विचारा. पोत्यासारखं बसायचं आणि खड्डा आला की अल्लाचं नाव घ्यायचं. त्याला पायडलं हवीत.”

“आणि पुढे कोण?”

“मी.”

बुजमा हसला. माराकेशच्या बायका सायकली मारतात, त्यात नवल नाही. पण इत्तो पडली डोंगरातली. लग्न होऊन शहरात आली तीच मिलूदच्या कॅरियरवरून.

तिने बाही वर केली. कोपरावर खपली होती आणि खपलीशेजारी नवं खरचटलेलं. “दोन महिने शिकतेय. भाचीच्या सायकलवर, ऑलिव्हच्या बागेत. घरी सांगितलंय, हमाममध्ये घसरले.”

“दोन्ही वेळा?”

“चारदा. तो म्हणतो, हमाम बदल.”

बुजमाचं हसू ओसरलं. “मिलूद माझा दोस्त आहे, लाल्ला. त्याला आपटलंत तर? आधी मला बसवून दाखवा.”

त्याने पायडलं शोधून आणून बसवली, गळ्यातला रुमाल सोडून डोळ्यांवर घट्ट बांधला आणि मागे चढला. समोरचा पत्रेवाला ओरडला, “काय रे बुजमा, वरात कुठे निघाली?” बुजमाने दोन्ही हातांनी मागचं हँडल आवळलं. पहिल्या फेरीत इत्तो पत्रेवाल्याच्या बादल्यांवर गेली. उठली, अंगातला पायघोळ जेलाबा झटकला आणि म्हणाली, “बसा.” दुसऱ्या फेरीत चौक पार झाला. तिसऱ्या फेरीत पत्रेवाल्याने बादल्या सरकवून वाट करून दिली.

बुजमाने रुमाल सोडला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “वळण यायच्या आधी सांगत चला,” तो हळूच म्हणाला. “न दिसणाऱ्याच्या ते अंगावर येतं. आणि ब्रेक इतके आवळू नका.” मग तो खाली बसला आणि चेनला तेल घालू लागला.

एक जानेवारीच्या सकाळी मिलूद नेहमीसारखा दाराशी बसला होता. चेनचा आवाज ऐकून त्याने मान वर केली.

“ही चेन लांब आहे. कुणाची?”

“तुझी. ऊठ.”

तो चाचपडत आला. हात सवयीने पुढच्या हँडलवर गेला.

“ती जागा माझी,” इत्तो म्हणाली.

मिलूद थबकला. “मी तुझ्या मागे बसू? या वयात?”

“मी कोणत्या वयात बसले होते?”

तो मागे गेला, चढला आणि पाय लोंबकळत सोडून बसला, कॅरियरवरचा माणूस बसतो तसा. इतक्यात त्याच्या पावलाला काहीतरी लागलं आणि गरकन फिरलं. त्याने पाय काढून घेतला. पुन्हा पुढे केला. मग दुसरा.

“इत्तो,” तो म्हणाला, “इथे पायडलं आहेत.”

“मग मार की. डोंगरापर्यंत काय मी एकटीने ओढू तुला?”

सायकल हलली, डुलली, सरळ झाली. गल्लीच्या तोंडाशी इत्तोने ब्रेक आवळले. बुजमाने बजावलं होतं तसं ती आधीच ओरडली, “डावं वळण येतंय!”

“ठाऊक आहे,” मागून आवाज आला. “तू ब्रेक सोड.”